चांदणी लागली की चूल बंद

दोन हजार सात साली मी साठ वर्षांचा झालो आणि कारखान्यानं हार घालून मला घरी पाठवलं. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या बायलरवर मी सारी उमर काढली. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही पुरी नाही. पण बायलरच्या काट्याकडं बघून आत काय चाललंय ते मी बराबर सांगायचो, आणि माझ्या पाळीला वाफ कमी पडली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बढाई म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

आता असा आगीपाशी जन्म काढलेला माणूस थंड अन्न कशाला खाईल? भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी, कालवणाची वाफ डोळ्यांत जावी, पहिल्या घासाला जीभ पोळावी, तर ते जेवण. पाव्हणा आला की चूल पेटलीच पाहिजे. तो पोट भरलंय म्हणाला तरी पेटली पाहिजे. ज्याच्यासाठी चूल पेटवली नाही तो पाव्हणा नाही, वाटसरू. हा आमच्या घरचा कायदा. आणि हा कायदा वर्षातून एक दिवस सरळ मोडणारी बाई माझ्या भिंतीला भिंत लावून राहते, हे मला अंबडला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

मार्थाबाई त्यांचं नाव. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. नवरा कधीचाच गेलेला, एकुलता एक मुलगा दानियल पुण्याला नोकरीला. बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या. पांढरी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. नाडी मोजताना ते तसं बघायला सोपं पडतं म्हणे. रिटायर झाल्यावरही ते घड्याळ बाहेरच्या बाजूला आलं नाही. माणूस असो की पातेलं, बाई आधी हाताच्या पाठीनं त्याचा ताप बघायच्या आणि मगच बोलायला लागायच्या.

आमच्या घरात तेव्हा मी, माझी बायको गयाबाई, मुलगा आणि सून सुनीता. डिसेंबरातली सकाळ. मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. शेजारी माणसं येत होती, बरीचशी पांढऱ्या कपड्यांत. चपला दाराबाहेर. आत सगळे माना खाली घालून, डोळे मिटून बसलेले आणि एक म्हातारा हळू आवाजात काही तरी बोलत होता. मी कान दिला. भांड्याचा आवाज नाही, गॅसचा नाही, फोडणीचा वास नाही.

"आवं," गयाबाई मागून म्हणाली, "सिस्टरच्या घरी कोनी तरी गेलं वाटतं. काल सांजपासून चूल पेटली न्हाई."

"रडायचा आवाज न्हाई आला."

"दवाखान्यातली मानसं ती. त्यान्ला सवय असंल."

आमच्याकडं ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यानं पिठलं-भाकरी करून न्यायची, समोर बसून दोन घास खायला लावायचे. नवीन राहायला आलो म्हणून काय झालं, रीत ती रीत. गयाबाईनं जल्दी जल्दी पिठलं हाटलं, भाकरी थापल्या. मी डोक्याला पांढरा रुमाल बांधला, चेहरा पाडला आणि तिला घेऊन निघालो. दारात कागदाची ही एवढी चांदणी टांगलेली होती. म्हटलं, दिवाळीचा आकाशकंदील उतरवायचा राहून गेला दुखण्याच्या गडबडीत. कारखान्याच्या आमच्या कॉलनीत ख्रिस्ती घर एकही नव्हतं. नाताळ म्हणजे कॅलेंडरवरचा लाल आकडा आणि बँक बंद, एवढंच मला ठाऊक.

मार्थाबाई दारात आल्या. मी मान खाली घालूनच विचारलं, "कवा गेले?"

"कोण?"

"जे गेले ते."

बाईंनी माझ्या रुमालाकडं बघितलं, मग गयाबाईच्या हातातल्या झाकलेल्या पातेल्याकडं. समजायला त्यांना क्षणभर लागला.

"दादाराव भाऊ," त्या म्हणाल्या, "गेलं कोण ते नका विचारू, आलं कोण ते विचारा! आज आमच्या देवाचा जन्मदिवस हाय."

आतून कुणी तरी फसकन हसलं. मग सगळं घरच हसायला लागलं. तो प्रार्थना सांगणारा म्हातारासुद्धा. मी रुमाल सोडला, खांद्यावर टाकला आणि माघारी फिरणार होतो, पण बाईंनी पातेलं ताब्यात घेतलं होतं. त्याला हाताची पाठ लावली.

"चांगलाच ताप हाय ह्याला," म्हणाल्या, आणि माझ्या देखत ते खिडकीत नेऊन ठेवलं. "उतरू द्या. मंग वाढू."

माझ्या बायकोच्या हातचं वाफाळतं पिठलं थंड करायला ठेवणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. तासाभरानं ते घट्ट बसलं, तर बाईंनी सुरीनं त्याच्या वड्या पाडल्या, वर खोबरं आणि कोथिंबीर पेरली आणि टेबलावर मधोमध मांडल्या. लोक बोटं चाटून राह्यले होते. मी एकही उचलली नाही.

ते टेबल मात्र बघण्यासारखं असायचं. सीताफळाचा गर घातलेलं श्रीखंड. खजूर आणि शेंगदाणे कुटून केलेली लांबट गुंडाळी, खोबऱ्यात लोळवलेली, तिच्या कापून केलेल्या चकत्या. थंड कॉफीत बुडवून एकावर एक रचलेली बिस्किटं आणि मध्ये साय, त्याला त्या केक म्हणायच्या. आपल्याकडची मोसंबी पाकळी-पाकळी सोलून, काळं मीठ आणि पुदिना टाकून गार केलेली. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, त्यात कांदा, तिखट, कूट आणि कच्चं तेल. तो पाला त्या निवडून कोरडा ठेवायच्या आणि माणूस दारात दिसला की कालवायच्या. आणि आदल्या दिवशीची भाकरी दह्यात कुस्करून, लसूण-मिरची लावून केलेला काला.

तो काला बघून मला राहवलं नाही. "सिस्टर, सणाच्या दिवशी मानसाला शिळं घालता?"

"शिळं न्हाई भाऊ. मुरलेलं."

"फरक काय?"

"शिळं म्हणजे खाऊन उरलेलं. ह्याला तर अजून कुनी हात लावला न्हाई. लोणचं घालता का न्हाई घरी? मंग ते काय त्याच दिवशी खाता?"

लोणच्याचं खरं होतं, पण म्हणून मी हरलो असं नाही. मी म्हणालो, "मी थंड खात न्हाई." आणि घरी जाऊन चहा पिलो.

पुढं कळलं की बाईंचाही एक कायदा होता. चोवीस तारखेला दिवेलागणीला दारात चांदणी लागली की घरातली चूल बंद. ती पंचवीस तारीख सरेपर्यंत पेटायची नाही. चहासुद्धा नाही. लागणारं सगळं दोन-तीन दिवस आधी करून गार करून ठेवायचं. का, तर त्यांच्या आईमुळं.

"आमच्या घरी नाताळला सारं गाव यायचं," त्यांनी एकदा आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. "आई पहाटेपासून चुलीपुढं. करंज्या, मटण, भात, पुऱ्या. आलेल्याला ताट मिळायचं, पण आई काही मिळायची न्हाई. ती गेली तेव्हा लोक भेटायला आले. जो तो म्हणायचा, तुझी आई काय पुऱ्या करायची! मी विचारलं, आई दिसायला कशी होती सांगा. कुनाला धड सांगता येईना. सगळ्यांनी तिची पाठच बघितलेली."

मग हाताची पाठ हवेत धरून म्हणाल्या, "तवाच ठरवलं. मानूस दारात आलं तर त्याला तोंड दाखवायचं. पाठ दाखवायची न्हाई."

गयाबाई शेजारीच बसून ऐकत होती. त्या वर्षापासून नाताळला ती सगळ्यांच्या आधी तिथं जाऊन बसायची, आणि तिथं ती माझ्यासमोर, खुर्चीवर, सावकाश, बोलत बोलत जेवायची. आमच्या घरी तसं कधी घडत नसे. घरी तिच्या हातात उलथनं असायचं.

मी पण जायचो. शेजारधर्म आहे. पण जाताना थर्मासमध्ये माझा चहा भरून न्यायचो. लोक श्रीखंड खायचे, मी फुंकर मारून चहा प्यायचो. बाई दर वर्षी एक ताट माझ्यासमोर झाकून ठेवायच्या आणि मी दर वर्षी ते तसंच झाकलेलं परत करायचो. लोक हसायचे. "बायलरमामा, अजून वाफ धरून हाय का?" मी म्हणायचो, "हाय."

बाई म्हणायच्या, "राहू द्या. पेशंट ऐकत नसला तर वाट बघायची असती."

त्यांचा फ्रीज म्हणजे अख्ख्या गल्लीचा फ्रीज होता. कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या लग्नाचा गजरा, कुणाच्या म्हशीचं औषध. गयाबाईला साखरेचा आजार जडला तेव्हा तिचं इन्सुलिनही आधी त्याच फ्रीजमध्ये असायचं. मात्र नाताळाच्या आठवड्यात बाई औषधं सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढायच्या. गजरेवाल्यांना सांगायच्या, "लग्नं पुढं ढकला." आणि फ्रीजचं दार कुणी उघडून उभं राहिलं तर दवाखान्यातल्या आवाजात ओरडायच्या, "दार! दार लावा आधी, विचार मंग करा!"

हा दाराचा धाक कुठून आला, तर जाफराबादहून. नोकरीच्या सुरुवातीला बाई तिकडच्या खेड्यांत पोलिओची लस घेऊन जायच्या. एसटी चुकली की जीपमध्ये, कापसाच्या गाठोड्यांत, मांडीवर तो बर्फाचा डबा. उन्हाळ्याचे दिवस. एकदा जीपमध्ये बसलेल्या कुठल्याशा पुढाऱ्याला तहान लागली.

"बाई, बर्फ हाय ना त्यात? एक खडा द्या."

"न्हाई देता येत."

"आवं, एका खड्यानं काय होतं? झाकण तर उघडा."

तो हात घालायला लागला तेव्हा बाई डबा खाली ठेवून सरळ त्याच्यावर बसल्या. म्हणाल्या, "साहेब, ह्यात पोरांचे पाय हायेत. तुमच्या गावातल्या पोरांचे. घसा कोरडा पडला तर मरत न्हाई मानूस." गाव येईपर्यंत तो खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता त्या डब्यावर बसून गेल्या. ही गोष्ट सांगताना अजून कंबर चोळायच्या आणि हसायच्या.

गयाबाई गेली ती पावसाळ्यात. आमच्या घरची चूल पेटली नाही. संध्याकाळी मार्थाबाई आल्या, पदराखाली झाकलेलं पातेलं. मी बसलेलोच होतो. त्यांनी झाकण काढलं तर पिठल्याची वाफ निघाली. भाकरी अशी की हात पोळावा.

"आज ताप बघत न्हाई," त्या म्हणाल्या. "आज गरमच खा."

समोर बसल्या. मी खाईपर्यंत उठल्या नाहीत.

मला बहात्तर पुरी झाली त्या सालचा नाताळ. डिसेंबर लागला आणि बाई न्हाणीघरात घसरल्या. उजवा हात मनगटाशी मोडला, प्लास्टर पडलं, गुडघाही सुजला. दानियल पुण्याहून गाडी घेऊन आला. पोरगा चांगला आहे, आईवर जीव आहे, पण त्याला सगळं लगेच उरकायची सवय.

"आई, आता इथं एकटी राहायचं नाही. तेवीसला निघू. नाताळ माझ्याकडं."

"सव्वीसला निघू," बाई म्हणाल्या.

"आणि नाताळचं कोण करणार? तुला चमचा धरता येत नाही."

"दार उघडं पाहिजे दानियल. माणसं येतील. आता गेले की मी काही माघारी यायची न्हाई, हे तुलाही ठाऊक हाय, मलाही. एकदा सगळ्यांसमोर बसू दे."

बाईंच्या डोळ्यांत मी पाणी कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशीही नव्हतं. पण आवाज त्यांचा नव्हता. विनवणीचा होता. त्या बाईनं कुणाला विनवलेलं मला पटलं नाही.

दानियल म्हणाला, "अगं पण करणार कोण? गल्लीतल्या बायका कापूस वेचायला जातात. उरले कोण, हे काका? ह्यांना चहा तरी गाळता येतो का?"

आता चहा मला खरंच गाळता येत नव्हता. पण असं कुणी तोंडावर म्हणावं? मी उभा राहिलो.

"मी करतो."

"काय करता?"

"समदं. श्रीखंड, खजूर, केक, काय असंल ते. ह्यात चूल लागत न्हाई ना? मंग बायकांचंच काम कशावरून? दाब, वेळ आन् झाकण. बायलरवर दुसरं काय असतं?"

दानियल हसला, पण आईकडं बघून थांबला. मग त्यानं अट घातली. चोवीसला चांदणी लावायच्या आत सगळं तयार पाहिजे, आईनं कशाला हात लावायचा नाही. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी गाडीत बसायचं आणि नाताळला दाराला कुलूप.

"मंजूर," बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

बावीस तारखेला मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. आधी त्यांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. दोनदा. नखं तपासली. मग दह्याचं फडकं बांधून टांगायचं होतं. मी ते कारखान्यातल्या पोत्यासारखं धरून असं पिळलं की फडकं फाटलं आणि दही माझ्या धोतरावर.

"भाऊ! चक्का करायचा हाय, कुस्ती न्हाई!" बाई खुर्चीतून ओरडल्या. "टांगा आन् सोडून द्या. पाणी आपल्या पायानं जाईल."

हे मला आधी कळलं नाही. आगीच्या कामात माणूस सारखा काही तरी करत राहतो. थंडाच्या कामात करायचं थोडं आणि थांबायचं फार. दुसऱ्यांदा फडकं बांधलं आणि खुंटीला टांगून समोर बसलो. थेंब थेंब पडत होता. तसा बायलरही पेटवल्यावर दाब चढेपर्यंत बसावंच लागतं. काट्याकडं बघत. मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

खजुराच्या गुंडाळ्या मी चांगल्या केल्या, त्या कामाला मनगट लागतं. बिस्किटं पहिल्या वेळी कॉफीत जास्त भिजली आणि लगदा झाला. बाई म्हणाल्या, "पोहायला न्हाई सोडायची, नुसती आंघोळ घालायची." मोसंबी सोलायला सुनीता आली, तिला मी परत पाठवलं. शब्द मी दिला होता, तिनं नाही.

चोवीसच्या दुपारपर्यंत फ्रीज भरला. बाई डाव्या हाताची पाठ प्रत्येक डब्याला लावून बघत होत्या. "ह्याचा उतरला. ह्याचा उतरला. हे अजून कोमट हाय, बाहेर राहू द्या." सगळं आत गेलं आणि मी दार लावलं. तेवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला. कोपऱ्यावरची डीपी जळाली आणि सगळ्या गल्लीची लाईट गेली. दुपारचे दोन वाजले होते.

दानियलनं फोन लावले. आज काही खरं नाही, असं उत्तर मिळालं. तो आत आला आणि सरळ फ्रीजकडं निघाला.

"आई, संपलं. दुधाचं सगळं आहे. बघू, खराब व्हायला लागलं असेल तर टाकून देऊ आणि निघू."

"उघडू नको," बाई म्हणाल्या.

"नुसतं बघतो."

"बघितलं की गारवा गेला. चांदणीपर्यंत दार बंद राहिलं तर काही होत न्हाई. चांदणीपर्यंत, दानियल."

पण गुडघा धरून बसलेली बाई त्याला अडवणार कशी? त्याचा हात दाराच्या मुठीवर गेला. मी मध्ये गेलो. फ्रीजला पाठ लावली आणि खाली फरशीवर बसलो. पाय लांब केले.

"काका, उठा."

"न्हाई."

"अहो, मी फक्त..."

"लाईट असती तर तुला उघडू दिलं असतं. आता न्हाई. तुझ्या आईनं जीपमध्ये डब्यावर बसून लस नेली. मी तर फरशीवर बसलोय."

तो आईकडं वळला. बाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. म्हणाल्या, "उठवून बघ. मला इतक्या वर्षांत एक घास खाऊ घालता आला न्हाई त्यांना."

मी बसलो ते बसलो. गल्लीतला एक जण इंजेक्शन न्यायला आला, त्याला सांगितलं, दिवे लागल्यावर ये. त्याला घाई नव्हती, तो पण माझ्याशेजारी बसला. सुनीता चहा घेऊन आली, तो मी तिथंच पिलो. पाठीला त्या दाराचा गारवा लागत होता. सारी उमर माझ्या तोंडाला आग लागली, पाठीला गारवा लागायची ही पहिलीच वेळ. हट्टी, हट्टी म्हणून लोकांनी मला आयुष्यभर नावं ठेवली. त्या दिवशी गल्लीत मी सोडून त्या कामाचा दुसरा माणूस नव्हता.

उन्हं उतरली. लाईट आलीच नाही. दानियलनं मेणबत्ती लावली, बाईंनी चांदणीच्या आत पणती ठेवायला सांगितली. त्यानं ती स्टुलावर चढून दारात टांगली. मग बाई लंगडत आल्या.

"उठा भाऊ. आता दार उघडायची वेळ झाली."

मला उठताना धरावं लागलं. बाईंनी दार उघडलं, श्रीखंडाच्या डब्याला हाताची पाठ लावली आणि तशाच थांबल्या. दानियल मेणबत्ती धरून उभा.

"ताप न्हाई," बाई म्हणाल्या.

दानियलनं गाडीची चावी खिशातून काढली आणि खिळ्याला अडकवली.

रात्री कधी तरी लाईट आली. सकाळी चर्चमधून लोक आले, दवाखान्यातले आले, गल्लीतले सगळे आले. बाई दाराकडं तोंड करून खुर्चीवर बसल्या, प्लास्टरचा हात उशीवर. प्रत्येकाचं कपाळ डाव्या हातानं बघत होत्या. मी आत ताटं भरत होतो. घोळाणा कालवायचा, चकत्या मांडायच्या, काम संपेना. बाहेरून हाक आली.

"दादाराव भाऊ!"

"आलो, हे एवढं ताट..."

"ताट ठेवा. तुमची पाठ दिसून राह्यलीय मला मघापासून. या इथं, समोर बसा."

मी गेलो. त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी नेहमीसारखं झाकलेलं ताट पुढं केलं. सगळे बघत होते. मी झाकण काढलं आणि श्रीखंड खाल्लं. मीच केलेलं होतं, माझ्या हातचं मी खाणार नाही तर कोण खाणार? दुसऱ्याचं थंड खात नाही हा माझा नियम अजून कायम आहे.

"कसं झालंय?" बाई.

"वाईट न्हाई."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बाईंनी मग डावा हात पुढं केला. "त्या थर्मासात काय हाय? द्या अर्धा कप."

"आज? चांदणीखाली? गरम?"

"चूल माझ्या घरी पेटली न्हाई," बाई म्हणाल्या. "पेशंटनं ऐकलं तर डाक्टरनं पण थोडं ऐकावं." आणि फुंकर मारून, डोळे मिटून चहा पिल्या.

सव्वीसला दुपारी त्या निघाल्या. पुढच्याच उन्हाळ्यात त्या तिकडं पुण्यातच वारल्या, फोन आला, पण लॉकडाऊननं रस्ते बंद होते, जाता आलं नाही. म्हणून मला त्या आठवतात त्या गाडीतल्या. दानियलनं त्यांना मागच्या सीटवर बसवलं. गाडी सुरू झाली. तोपर्यंत बाईंनी सीटवर गुडघा दुमडून, प्लास्टरचा हात सीटच्या पाठीला टेकवून स्वतःला उलटं वळवलं होतं. दुखलं असणारच. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि वळेपर्यंत मागच्या काचेत त्यांचं तोंड आमच्याकडं होतं.

मी डेअरीवर गेलो, दही आणलं, फडक्यात बांधून आमच्या खुंटीला टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीता गॅसजवळ गेली तर मी म्हणालो, "आज पेटवायचा न्हाई."

"का मामा? सिलिंडर संपलं?"

"न्हाई. बस तिथं, खुर्चीवर. समोर."

ती घाबरून बसली. मी तिच्या पुढं ताट ठेवलं. आम्ही दोघं समोरासमोर बसून खायला लागलो. तेवढ्यात दार वाजलं. दिवाळीनंतर कोपऱ्यावर राहायला आलेल्या कंडक्टरची बायको. नाताळाला ती माहेरी होती, कालच आलेली. शेजारच्या दाराला कुलूप, आमच्या घरात चूल नाही, आवाज नाही. डोक्यावरून पदर, चेहरा पडलेला, हातात झाकलेलं पातेलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "कवा झालं?"

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. पातेलं हातातून घेतलं, हाताच्या पाठीनं बघितलं. चांगलाच ताप होता.

खिडकीत नेऊन ठेवलं.